बांधाचं भोक आणि सर्वांची कुदळ

एका जंगलात एक तळं होतं, तळ्याला बांध होता आणि बांधाला भोक होतं. तळ्याच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील, मुलांनो. ही भोकाची गोष्ट आहे. मांडी घालून बसा आणि शेजारच्याला चिमटे काढू नका.

भोक लहानसंच होतं. तुमची मूठ जेमतेम आत जाईल एवढं. एका खेकड्यानं ते घर करायचं म्हणून पाडलं होतं. मग त्याला जागा पसंत पडली नाही आणि तो दुसरीकडे राहायला गेला. भोक तेवढं मागे राहिलं. ते तळाजवळ होतं, त्यामुळे तळ्याचं पाणी त्यातून रात्रंदिवस बारीक धारेनं उतारावर वाहून जाई.

त्या तळ्यात पागोळी नावाची बेडकीण राहायची. यंदा तिनं अंडी जरा उशिरानंच घातली होती. पाऊस सरला तरी पिल्लांना नुसत्या शेपट्याच होत्या, पाय फुटायचे होते. ज्याला पाय नाहीत त्याला, तळं आटतंय तर दुसरीकडे जा, असं सांगता येत नाही. त्यामुळे पागोळी रोज सकाळी पाणी कुठवर उतरलं ते बघायची आणि मग पिल्लांच्या शेपट्यांखाली वाकून बघायची. पाणी घाईत होतं. पाय सावकाश येत होते.

तिनं तोंडानं चिखल वाहून भोकात भरला. तो धारेबरोबर निघून गेला. पुन्हा भरला, पुन्हा गेला. शेवटी ती भुरकी म्हशीकडे गेली.

भुरकी ही एक वयस्कर रानम्हैस. तिला बसण्याखेरीज कशातही रस नव्हता. पागोळीनं तिला विनवलं, "आक्का, कुठं ना कुठं बसणारच ना तुम्ही? मग बांधाला टेकून बसा की."

भुरकीला यात गैर काही दिसलं नाही. ती पाण्यात उतरली आणि भोकाला पाठ लावून बसली. धार थांबली. चार-आठ दिवस ती अशीच बसली असती तर मागचा चिखल दबून घट्ट झाला असता आणि आपली गोष्टही इथंच संपली असती. तुम्ही खेळायला गेला असता.

पण त्या जंगलात राज्यकारभार होता.

सिंहमहाराज नुकतेच शेजारच्या जंगलात पाणी वाचवण्यावरची परिषद ऐकून आले होते. तिथं जेवण उत्तम होतं. परत आल्यावर त्यांनी हुकूम काढला, की यापुढे आपल्या जंगलात पाणी वाचवलं जाईल, आणि तेही सर्व स्थानिक संस्थांच्या भागीदारीतून. या कामी त्यांनी कोल्ह्याला समन्वयक नेमलं. समन्वयक म्हणजे काय, असं अस्वलानं विचारलं. कोल्हा म्हणाला की जो स्वतः काही करत नाही, पण ज्याच्यावाचून दुसऱ्यालाही काही करता येत नाही, तो.

कोल्ह्यानं आधी जनजागृती केली. झाडाझाडावर घोषणा रंगवल्या. वटवाघळांना त्या उलट्या दिसतात अशी तक्रार आली, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळ्या, उलट्या रंगवून घेतल्या. माशांची सभा घेऊन त्यांना पाण्याचं महत्त्व पटवून दिलं. माशांनी पाणी हवं असा ठराव एकमतानं मंजूर केला. मग कोल्हा एखादं बरंसं भोक शोधायला निघाला आणि फिरत फिरत बांधावर आला.

"आक्का, तुम्ही कुठल्या संस्थेच्या?" त्यानं भुरकीला विचारलं.

"मी बसलेय," भुरकी म्हणाली.

पागोळीनं त्याला सगळं समजावून सांगितलं. धार थांबली आहे, आता हिला कुणी उठवू नका, जमलं तर मागून चार टोपल्या चिखल टाका, एवढंच तिचं म्हणणं होतं. कोल्ह्यानं ते मान हलवत ऐकून घेतलं. त्याला ऐकून घेण्याचा सराव होता.

"पागोळीबाई, यात चिखल आहे, म्हैस आहे, मान्य," तो म्हणाला. "पण सहभाग कुठाय?"

आणि त्यानं भुरकीला मानानं उठवलं. कार्यक्रमासाठी बांधाची ती जागा मोकळी हवी होती. भुरकी बांध ओलांडून पलीकडे उतरली. तिथं आजवर झिरपलेल्या पाण्यानं छान राड झाली होती. ती तिच्यात लोळली आणि बसली. धार पुन्हा सुरू झाली.

आता त्या जंगलातली एक चाल तुम्हाला सांगायला हवी. तिथं कुदळ मारल्याशिवाय कुठलंही काम सुरू होत नसे. बीळ करायचं असेल तर थोरामोठ्याच्या हातून पहिली कुदळ. लग्नाचा मांडव घालायचा असेल तरी पहिली कुदळ. खणायच्या कामाला कुदळ आणि बुजवायच्या कामालाही कुदळच. असं का, हे कुणी विचारत नसे, कारण विचारायला जो उभा राही त्याच्याच हातात पुढची कुदळ देत.

तर भोक बुजवण्याच्या कामाचा शुभारंभ ठरला. कुदळीला लाल फीत बांधली, नारळ फुटला, आणि सिंहमहाराजांनी भोकाच्या अगदी शेजारी कुदळ मारली. टाळ्या वाजल्या. मूठभर भोक डोकं जाईल एवढं झालं. आभार मानले गेले आणि सगळे जेवायला गेले. चिखल टाकायचं कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हत्तींचं मंडळ रुसलं. भागीदारी म्हणता आणि कुदळ एकट्या महाराजांच्या हाती देता, असं त्यांचं म्हणणं. कोल्ह्यानं त्यांची समजूत काढली आणि त्यांचा वेगळा शुभारंभ ठेवला. हत्तीची कुदळ ती, जरा खोल गेली. मग रानडुकरांची सहकारी संस्था आली. त्यांनी सांगितलं, आम्हाला कुदळ नको, आमची आम्ही सुळ्यांनी मारतो. मग साळिंदरांचा महिला मेळावा. प्रत्येकाला जागा भोकाजवळचीच हवी होती, कारण फोटोत मागे धार छान यायची.

धार रोज जाड होत होती. पागोळी प्रत्येक कार्यक्रमाला जाऊन पहिल्या रांगेत बसायची आणि पिल्लांचं सांगायची. तिचा दोनदा सत्कार झाला. तिनं शाल तेवढी भोकात कोंबली.

"कोल्होबा, पिल्लांना मागचे पाय आलेत," एकदा ती कोल्ह्याला गाठून म्हणाली. "पुढचे तेवढे येऊ द्या. मग मारा काय कुदळी मारायच्या त्या."

"बाई, तुमच्यासाठीच तर चाललंय सगळं," कोल्हा म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याच्या दृष्टीनं वाढत्या धारेवरून एवढंच दिसत होतं, की प्रश्नाचं गांभीर्य आता लोकांपर्यंत पोचू लागलंय.

एवढ्यात मानापानाची नवी भांडणं निघाली. ज्यांनी कुदळ मारली होती त्यांच्यात पहिला भागीदार कोण यावरून, आणि ज्यांनी मारली नव्हती त्यांच्यात आम्ही कोण यावरून. कोल्ह्यानं पुष्कळ विचार केला आणि एक तोडगा काढला. त्याच्या आयुष्यातली ती सर्वांत गाजलेली कल्पना. सर्वांनी, सर्व संस्थांनी, बांधावर एका रांगेत उभं राहायचं आणि महाराजांनी शेपटी हलवली की एकाच वेळी कुदळ मारायची. म्हणजे कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही.

मुलांनो, एवढी एकजूट त्या जंगलानं आधी कधी पाहिली नव्हती. हरणाशेजारी लांडगा उभा होता. महाराजांचे डोळे पाणावले. त्यांनी शेपटी हलवली.

बांध फुटला.

मान्यवर, मांडव, हार आणि लाल फिती उतारावरून वाहत खाली गेल्या. कुणाला फारसं लागलं नाही. अंग पुसून झाल्यावर कोल्ह्यानं महाराजांना कळवलं, की पाणी तळागाळापर्यंत पोचवण्याचं उद्दिष्ट मुदतीच्या आधीच साध्य झालं. महाराजांनी त्याला बढती दिली.

पागोळी मात्र रिकाम्या तळ्यात उड्या मारत पिल्लांना हाका घालत होती. तिथं चिखल होता, कुदळी होत्या. पिल्लं नव्हती. ती बांधाच्या पडक्या जागेतून खाली उतरली. उतारावर दगड होते, झुडपं होती, एक हार होता. आणि त्यांच्याही खालच्या अंगाला भुरकी बसली होती, पूर आला काय नि गेला काय. एवढे दिवस लोळून लोळून तिनं तिथं चांगला खोल खड्डा केला होता. तो काठोकाठ भरला होता. तिच्या पोटाच्या सावलीत काळ्या शेपट्या वळवळत होत्या.

पागोळी म्हशीच्या कानाशी जाऊन बसली.

थोड्या दिवसांनी कोल्हा तिकडे आला. त्याला पुढच्या उपक्रमासाठी जागा हवी होती. बरोबर कुदळही होती.

"आक्का, इथं कुठं पाणी आहे का?"

"मी बसलेय," भुरकी म्हणाली.

"नाही, पण तुमच्या खाली ओल दिसतेय."

"म्हशीखाली ओल असायचीच," भुरकीनं डोळे मिटले.

पागोळीच्या एका पिल्लाला नेमके त्याच दिवशी पुढचे पाय आले होते. आनंदानं त्यानं पहिलं डरांव करायला तोंड उघडलं. पागोळीनं झटकन त्याच्या तोंडावर आपला पाय ठेवला आणि कोल्हा दिसेनासा होईपर्यंत काढला नाही.

तेव्हापासून त्या जंगलात कोणाची चाहूल लागली की बेडूक एकदम गप्प होतात. त्यांना भीती सापाची वाटते असं पुस्तकात लिहिलंय.

तात्पर्य : बांध फोडणं हे कुणा एकट्यादुकट्याचं काम नाही. त्याला लोकसहभागच लागतो.