अक्कांची अर्धशिशी

शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत जांभई द्यायची सोय नव्हती. कुणी दिली की समोरच्या पायरीवरून अक्कांचा आवाज यायचाच, "ओ पावणं! मान आखडलीया का? गोड खाऊ वाटतंय का?" एकदा एका कुरिअरवाल्याला त्यांनी पाणी पाजून, सावलीत बसवूनच पुढं सोडलं. बिचाऱ्याला नुसती झोप आली होती.

अक्का मूळच्या गडहिंग्लजकडच्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. सोबतीला तरुणपणापासूनची अर्धशिशी. नव्वदच्या दशकात घरोघरी केबल आली, तरी त्यांनी टीव्ही घेतला नाही. "ते डबडं लुकलुकतंय आन् माझं डोकं उठतंय."

दुखण्याची चाहूल त्यांना आधीच लागायची. "पयल्यांदा जांभया, मान आखडती, गोड खाऊ वाटतंय, मग चिडचिड, मग डोळ्याच्या कडंला चमचमती नागमोडी रेघ. रेघ दिसली की डॉक्टरनं दिल्याली गोळी लगेच घ्यायची. वाट बघत बसलं की मेलंच!" मग खिडकीवर घोंगडं, कपाळावर गार फडकं आणि गल्लीला हुकूम, "फोडण्या बंद!" फोडणीच्या वासानं त्यांना मळमळायचं. त्या दिवशी सगळी गल्ली दहीभात खायची.

एका दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. नवरा फिरतीवर. अचानक दोरीवरची साडी मला अर्धीच दिसायला लागली. मी डोळे चोळत उभी राहिले, तोच खालून अक्का ओरडल्या, "सोड ती साडी! खाली ये!"

त्यांनी मला हात वर करायला लावले, नाव-गाव बोलायला लावलं. "जीभ अडखळली असती तर लकवा समजून सरळ दवाखाना. ही अर्धशिशीच दिसतीया. आता पड. पर पयलीच बारी हाय, उद्या डॉक्टरकडं जायाचंच. माझी गोळी तुला द्यायची न्हाई."

त्यांच्या गादीवर, अंधारात, गार फडक्याखाली मला झोप लागली. जाग आली तेव्हा दिवेलागण झाली होती. अक्का उशाशी बसलेल्या. डोळे मिटलेले, कपाळाला पदर करकचून आवळलेला.

"अक्का, तुमचंही दुखतंय?"

"सकाळपासनं."

"मग पडायचं की!"

अक्कांना इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "दर बारीला एकटीच पडतो की गं. अंधारात दुसऱ्या कुणाचा श्वास ऐकू येत न्हाई. आज तुझा येत हुता. म्हणून बसलो."

मी भिंतीकडे सरकले. जरा वेळानं अक्का अंग चोरून शेजारी आडव्या झाल्या.