शटरच्या रंगाबाबत

वारंगा फाट्याजवळच्या एका आरोग्य केंद्राला रुग्णवाहिका आहे, रुग्णवाहिकेला गॅरेज आहे आणि गॅरेजला पश्चिमेकडे तोंड केलेलं लोखंडी शटर आहे. रंग गडद चॉकलेटी. उन्हाळ्यात दुपारी दोन ते पाच ते फुगून पट्टीत अडकतं, आणि जोर लावावा तर हात पोळतात. ड्रायव्हर शेषरावांचे तळहात मे महिन्यात फोडांनी भरलेले असत. ‘रुग्णांनी या वेळेत गंभीर होऊ नये’ असा फलक लावून पाहण्यात आला, पण रुग्णांनी सहकार्य केलं नाही.

शेवटी शेषरावांनी पांढऱ्या रंगासाठी अर्ज केला. तपासणी समिती जानेवारीत आली, सकाळी आठला, मफलर गुंडाळून. अध्यक्षांनी शटरवर पंजा ठेवला.

“कुठं पोळतंय हो? बोटं गारठली माझी!”

“साहेब, मे महिन्यात या ना. दुपारी.”

“मे महिन्यात? ऊन किती असतं, काही कल्पना आहे?”

“व्हय साहेब. तेच तर सांगून राहिलो.”

एप्रिलमध्ये अहवाल आला. उष्णतेच्या दृष्टीने पांढरा रंग योग्य असल्याचे समितीस मान्य होते. तथापि, आवारात येणारे नागरिक गुटखा सेवनोत्तर शटरवर थुंकतात; पांढऱ्यावर ते उठून दिसते व शासनाची प्रतिमा मलिन होते. सबब, नागरिकांच्या सवयीशी सुसंगत असा चॉकलेटी रंगच पुन्हा द्यावा. त्याप्रमाणे दोन हात देण्यात आले.

मे महिन्यात एका दुपारी तीनला चतुराबाई सुनेला घेऊन आल्या. प्रतिक्षाला कळा सुटल्या होत्या, बाळ आडवं होतं, तातडीने नांदेडला हलवायचं होतं. शेषराव हाताला ओलं पोतं गुंडाळून शटरला भिडले. शटर वीतभर उठलं आणि थांबलं.

“अरे भाऊ, काहून उघडत न्हाई? लेकरू जाईल माझं!” चतुराबाई ओरडल्या.

“जोर लावून राहिलो, अक्का. पत्रा हलत न्हाई!”

शेवटी हळद घेऊन चाललेली एक पिकअप अडवली, प्रतिक्षाला पोत्यांवर निजवलं आणि गाडी धुरळा उडवत गेली. शेषराव तळहात फुंकत खाली बसले.

गर्दीतून कडक इस्त्रीतला एक गृहस्थ पुढे झाला. आधी त्याने शटरवर तोंड मोकळं केलं, मग म्हणाला, “काय कारभार आहे सरकारचा! कुणाला लाज म्हणून राहिली न्हाई.”

तिथं जमलेल्या आपण सगळ्यांनी माना डोलावल्या. बोलता कुणालाच येत नव्हतं. तोंडं भरलेली होती.