बावीसला पडलेलं एक मत

"माझं नुसतं नाव ऐकून गुन्हेगार पायात पाय अडकून पडतात," असं ऑर्व्हिल स्टॅकपोल स्वतःबद्दल सांगत असे. ओक्लाहोमातल्या त्या गावात गुन्हेगारच नव्हते, हा त्याला पुरावा वाटे. तीस वर्षं घरोघरचे विजेचे मीटर वाचून तो निवृत्त झाला आणि हौशी गुप्तहेर बनला. "आता माणसं वाचतो," म्हणायचा. त्यासाठी लागणारा चष्मा मात्र त्याची बायको नेडीन शोधून द्यायची.

यंदाचं प्रकरण भारी होतं. नेमबाजी क्लबातले अकरा म्हातारे दर वर्षी आपल्या लाडक्या कॅलिबरला, म्हणजे पिस्तुलाच्या गोळीच्या मापाला, चिठ्ठीने मत देत. जिंकेल त्या गोळीवर वर्षभराच्या स्पर्धा. जाडजूड पंचेचाळीस नेहमी सहा-पाच अशी जिंके, नऊ मिलिमीटरवाले कुरकुरत. यंदा पाच-पाच झाले, आणि एक चिठ्ठी निघाली बावीसची! बावीस म्हणजे नातवंडांना रिकामे डबे पाडायला शिकवायची हलकी, बारीक गोळी.

"तुझा माणूस फुटला!" नऊवाल्यांचा पुढारी डेल्बर्ट हसला. पंचेचाळीसवाल्यांचा हार्लन लाल होऊन निघून गेला. चाळीस वर्षांची दोस्ती, रविवारची मासेमारी, सगळं बंद पडलं.

ऑर्व्हिलला कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून तो लगेच कामाला लागला.

"दोनचा आकडा बदकासारखा काढलाय. म्हणजे हा बदकांचा शिकारी."

"सगळेच बदकं मारतात," नेडीन म्हणाली.

"म्हणजे कट मोठा आहे!"

मग त्याने लोकांच्या कमरा तपासल्या. माणूस कमरेला जे पिस्तूल बाळगतो तेच त्याच्या मनात, हा त्याचा सिद्धांत. हार्लन हल्ली पँट धरायला पट्ट्याऐवजी खांद्यावरून गॅलस लावत होता. "बघितलंस? पंचेचाळीसचं ओझं पट्ट्याला पेलेना. निष्ठावान माणूस! संशयितांच्या यादीतून त्याचं नाव खोड." नेडीनने खोडलं. तिला डेल्बर्टच्या बायकोची काळजी होती. मासेमारी बंद पडल्यापासून डेल्बर्ट रविवारी घरी बसून बायकोला स्वयंपाक शिकवू लागला होता.

शनिवारी ऑर्व्हिलने सगळ्यांना क्लबच्या मैदानावर जमवलं.

"नऊ पंचे पंचेचाळीस!" तो गरजला. "नऊवाले पाच, त्यांनी पंचेचाळीस गिळायला बघितली. गुन्हेगार डेल्बर्ट!"

"अरे, मी बावीसला मत देऊन माझीच नऊ कशाला पाडू?" डेल्बर्ट म्हणाला.

"तीच तर तुझी धूर्त चाल!"

नेडीनला उभं राहून पाय दुखायला लागले होते. "बावीसला मत कुणी दिलं हो?" तिने विचारलं.

"मी," हार्लन म्हणाला.

ऑर्व्हिलचं बोट डेल्बर्टच्या दिशेने तसंच राहिलं.

"आधी का नाही सांगितलंस?" नेडीन म्हणाली.

"कुणी विचारलं नाही. आणि लाजही वाटली. पंचेचाळीसचे दहा बार काढले की धक्क्याने मनगटं अशी दुखतात, दोन दिवस कॉफीचा कप धरवत नाही. ती कमरेला लावली की पँट खाली येते. बावीसने मी दिवसभर खेळतो, नेडीन. मजा येते. इतकंच."

डेल्बर्ट आपलं मनगट चोळू लागला.

"डावं की उजवं?" त्याने विचारलं.

"दोन्ही."

"माझं उजवं. नऊनेसुद्धा." डेल्बर्टने हात पुढे केला. "आण ती तुझी बावीस. बघू तरी."

त्याने डबा पाडला आणि पोरासारखा खिदळला. मग तिसरा म्हातारा रांगेत लागला, मग चौथा.

गाडीत बसताना ऑर्व्हिल म्हणाला, "त्याला बोलतं करायला किती दबाव आणावा लागला, बघितलंस ना?"

"बघितलं," म्हणत नेडीनने गाडी सुरू केली.