'पळा' या शब्दाचा मालक

मुलांनो, नीट बसा. मागच्यांनी मोबाइल खाली ठेवा. गोष्ट तुमच्याच कामाची आहे.

एका जंगलात सगळ्यांना खेळांचं भलतंच वेड लागलं होतं. हरणं चरायची विसरली, ससे हाका मारूनही जेवायला येईनात. आता जंगलात कसले आलेत खेळ, असं विचारू नका. अंधाऱ्या गुहेत कोळी मोठ्ठं जाळं विणायचा. जाळ्यावर काजवे बसायचे. खाली दोन दोऱ्या. एक ओढली की काजवा पुढे जायचा, दुसरी ओढली की उडी मारायचा, आणि कशावर आपटला की विझायचा. मग "अजून एकदाच, आई, शेवटचं!" असं म्हणत पोरं दोरी सोडायची नाहीत. हे तुम्हाला सांगायला नकोच.

या धंद्यातली बडी असामी म्हणजे झिपरेशेठ अस्वल. त्याच्या खेळाचं नाव 'पळा'. पुढे काजवा पळतो, मागून वटवाघूळ येतं, बस्स. पण खेळ असा काही चालला की शेठच्या गुहेत मधाची पोळी ठेवायला जागा उरेना. एवढा मध झाला की झोप उडते. उद्या दुसऱ्या कुणी 'पळा' म्हटलं तर?

शेठनं टिटवीला वकील नेमलं. ओरडण्यात तिचा हात धरणारं जंगलात कुणी नव्हतं. दोघं शब्दनोंदणी कचेरीत गेली. तिथले अधिकारी घुबडसाहेब. कचेरी दिवसाची आणि साहेब रात्रीचे, म्हणून कामाच्या वेळात साहेब गाढ झोपलेले असत. कुणाची हरकत असल्यास भर दुपारी येऊन सांगावी, असा नियम होता. अख्खं जंगल आलं. साहेबांच्या ढोलीखाली ताटकळलं, साहेब काही उठेनात, तेव्हा घरी गेलं. दिवस मावळल्यावर साहेबांनी डोळे उघडले. खाली चिटपाखरू नव्हतं.

"कुणाचीच हरकत नाही," साहेब म्हणाले, आणि त्यांनी पंजाचा ठसा उमटवला.

झालं. 'पळा' हा शब्द शेठच्या मालकीचा झाला.

मग टिटवी जी सुटली! जो कुणी तो शब्द उच्चारेल त्याच्या डोक्यावर घिरट्या घालून नोटीस किंचाळायची. ससे 'भरभर चालतो' म्हणू लागले. हरणी पाडसाला सांगायची, "बाळा, प... प... पायांचा उपयोग कर रे!" हसताय काय? तुम्हीही तेच केलं असतंत.

याच जंगलात साळूबाई साळिंदर राहायची. बाई साधी, पण डोकं भारी. अख्खा उन्हाळा खपून तिनं एक खेळ बनवला होता. जाळ्यात काट्यांचं रान उभं केलेलं आणि त्यातून काजव्यानं वाट काढायची. काटे कुठून आणले? स्वतःच्या अंगावरचे उपटले! पाठ उघडीबोडकी झाली, पण खेळ बघून बाईचे डोळे भरून आले. नाव ठेवलं, 'काट्यातून पळा'. जत्रेत मांडायचा होता.

टिटवी आलीच. "नाव बदला! नाहीतर खेळ जप्त!"

साळूबाई तडक शेठकडे गेली.

"शेठ, अहो हा शब्द माझी आजी वापरायची."

"असं? मग आजीबाईंनाही नोटीस धाडू. राहतात कुठे?"

"ती वारली हो."

"अरेरे, वाईट झालं," शेठ मनापासून हळहळला. "मग वारसांना धाडू. तुम्हीच ना?"

"पण तुम्हीही लहानपणी हाच शब्द बोलत असाल की!"

"बोलत होतो. तेव्हा तो फुकट होता, त्याला काही किंमत नव्हती. मी त्याला किंमत आणली."

शेवटी तडजोड झाली. खेळाचं नाव 'काट्यातून त्वरेने मार्गक्रमण' ठेवायचं. आणि साळूबाईच्या तोंडून तो शब्द पुन्हा एकदा जरी निघाला, तरी खेळ कायमचा शेठचा. बाईनं मान डोलावली. दुसरं करणार काय बिचारी!

जत्रेच्या दिवशी शेठच्या गुहेपुढे ही गर्दी. साळूबाईच्या गुहेपुढे मात्र एक कासव तेवढं उभं होतं, तेही नाव वाचून व्हायचं होतं म्हणून. बाई दोऱ्या पुसत बसली. संध्याकाळपर्यंत कुणी ना कुणी येईल, एकदा दोरी हातात धरली की सोडणार नाही, अशी तिला आशा होती.

त्या जंगलात एक जुनी रीत होती. सावरीच्या शेंड्यावर एक वानर पहारा देई. वाघ दिसला की तो ओरडायचा, "पळा!" एवढा एकच शब्द, पण त्यावर जंगलाच्या पिढ्यान्पिढ्या जगल्या होत्या. टिटवीनं वानरालाही नोटीस दिली होती. वानर नियमाला धरून वागणारा. त्यानं कचेरीत जाऊन सवलत मागितली. "वाघ आला की अर्ज करा," साहेब झोपेतच म्हणाले.

आणि वाघ आला. भर जत्रेत आला.

वानरानं घसा खाकरला आणि जमेल तेवढ्या जोरात तो ओरडला, "सर्व रहिवाशांना कळवण्यात येतं, की अंगावर पट्टे असलेले एक गृहस्थ पूर्वेकडून येत आहेत! तरी सर्वांनी आपापले पाय लवकर लवकर उचलून अन्यत्र जावं!"

"नवीन खेळ आला वाटतं," ससे म्हणाले. काहींनी तर पूर्वेकडे तोंड करून रांग लावली.

वाघानं आधी झिपरेशेठलाच धरलं. जत्रेत सगळ्यांत गुटगुटीत तोच. शेठच्या तोंडातून नुसता 'घुर्र' असा आवाज आला, कारण तोंडात मध होता. पुढे हरणाची पाडसं उभी होती, वाघाकडे टुकुटुकु बघत.

साळूबाईनं ते पाहिलं. तिनं एकदा आपल्या खेळाकडे पाहिलं. जाळ्यात तिचे काटे उभे होते, अख्खा उन्हाळा उभा होता. जीव नुसता कळवळला तिचा. मग ती बाहेर आली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "पळा! अरे मेल्यांनो, पळा!"

अहो, काय तो गोंधळ! एका क्षणात अख्खी जत्रा उधळली. रानगवे, हरणं, ससे, सगळे बिथरून धावत सुटले, ते नेमके वाघाच्या अंगावरून. वाघ बिचकला. शेठचे मूठभर केस तोंडात घेऊन त्यानं जंगल सोडलं. एकाचाही जीव गेला नाही.

तुम्हाला वाटलं, आता शेठचे डोळे उघडले असतील? उघडले की! दुसऱ्याच दिवशी तो पाठीला पाला बांधून आला आणि साळूबाईचे पाय धरून रडला. "बाई, तुम्ही माझी आई आहात. तुमच्यामुळे जिवंत आहे मी."

रडून झाल्यावर त्यानं दावा लावला.

टिटवी कचेरीत गरजली, "साहेब! बाईंनी भर जत्रेत आमचा शब्द दोनदा वापरला!"

"जीव वाचवायला वापरला हो, साहेब," साळूबाई म्हणाली. "तुम्हीच सांगा, दुसरा कोणता शब्द होता?"

घुबडसाहेब चक्क जागे झाले. अशी केस रोज येत नाही. त्यांनी विचारलं, "शब्द ऐकल्यावर जनतेनं काय केलं?"

"सगळे पळाले," साळूबाई म्हणाली.

"सगळे?"

"एकूण एक."

"मग झालं तर!" साहेब खुशीत म्हणाले. "शब्द उच्चारताच लहानथोर सगळे ओळखतात, म्हणजे शेठनी त्याचं नाव केवढं गाजवलंय ते सिद्ध झालं. इतका पक्का पुरावा मी पाहिला नव्हता. बाई, तुमचे आभार. खेळ शेठना द्या."

पुढच्या जत्रेत शेठच्या गुहेवर नवी पाटी लागली : 'पळा – भाग दुसरा. आता काट्यांसह!' तोबा गर्दी झाली. साळूबाई लांबून बघत होती. ज्यांचे जीव तिनं वाचवले ती पाडसं दोरी सोडायला तयार नव्हती. खेळ खरंच सुंदर झाला होता.

तात्पर्य : दुसऱ्याचे प्राण जरूर वाचवावेत, पण आधी शब्दाच्या मालकाची परवानगी घ्यावी. मालक वाघाच्या तोंडात असल्यास त्याला बोलायला सवड मिळेपर्यंत शांतपणे वाट पाहावी.