तावडेकाकींचा हत्ती

आमच्या सोसायटीतल्या तावडेकाकी रेक्झिनला कान लावून ऐकतात. डॉक्टर पेशंटच्या छातीला नळी लावून डोळे मिटतो ना, तशाच. कंपाउंडमध्ये फतकल मारून बसायचं, समोरच्या भल्यामोठ्या गुंडाळीवर कान टेकवायचा, एका हाताने सगळ्यांना गप्प राहायची खूण करायची आणि मग निकाल द्यायचा, “हवा रवली.”

हवा रवली म्हणजे आत हवा राहिली. म्हणजे ज्या गुंडाळीवर मी इतका वेळ गुडघे टेकून, कोपरं दाबून, घामाने निथळत पडलोय, ती पुन्हा उलगडायची, झटकायची आणि पहिल्यापासून गुंडाळायची. “काकी, अहो, एवढीशी हवा राहिली तर काय बिघडतं?” असं मी एकदा विचारलं होतं. “तुझ्या पोटात रवली की कसा बोंबलतंस?” असं उत्तर आलं. सगळ्या पाहुण्यांसमोर.

ही गुंडाळी म्हणजे काकींचा हत्ती. लहान पोरं ज्यात उड्या मारतात ते हवेचं घर तुम्ही वाढदिवसांना, जत्रेत पाहिलं असेल. पोरं त्याला जंपिंग म्हणतात. काकींच्या जंपिंगच्या दारावर हत्तीचं तोंड आहे. कधीकाळी निळं असावं, आता दहा वेळा धुतलेल्या युनिफॉर्मच्या रंगाचं झालंय. सोंडेत हवा जात नाही. बाकी हत्ती टम्म फुगून उभा राहतो आणि सोंड तेवढी हिरमुसून लोंबत असते. आत शिरणाऱ्या प्रत्येक पोराला ती टपली मारते.

काकी म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात आया होत्या. रिटायर झाल्यावर लोक चारधामला जातात, नाहीतर गुडघे बदलून घेतात. काकींनी हत्ती आणला. इथे भांडुपमध्येच एका मंडपवाल्याने धंदा गुंडाळला, त्याच्याकडून टेम्पोत घालून. काका मी कधी पाहिले नाहीत, ते फार लवकर गेले; मूलबाळ नाही. दुसऱ्या मजल्यावर वन रूम किचनमध्ये बाई एकटी. “काकी, हे कुणासाठी?” असं माझ्या बायकोने, नीताने, सरळ विचारलं. काकी म्हणाल्या, “कुणासाठी म्हणजे? पोरांसाठी. तू उडणार आहेस का?”

तर हा हत्ती राहतो जिन्याखाली, म्हणजे माझ्या दाराला टेकून. आणि तो फुगवायचा पंखा, ज्याला ब्लोअर म्हणतात, त्याची वायर येते माझ्या हॉलच्या खिडकीतून. कारण मी तळमजल्यावर. सोसायटीत कुणाच्याही पोराचा वाढदिवस असो, फुगे त्यांचे, केक त्यांचा, हत्ती काकींचा, आणि वीज, खिडकी, कंबर माझी.

एकदा हत्ती पूर्ण फुगलेला, आत पोरांचा कल्लोळ, आणि नीताने चटणीसाठी मिक्सर लावायला ती पिन काढली. दोन मिनिटांत हत्ती मान टाकून बसला. आधी कान गेले, मग भिंती, मग छप्पर पोरांच्या अंगावर. पोरं आनंदाने किंचाळत होती, आया भीतीने. काकी थेट आमच्या स्वयंपाकघरात. “अगो, चटणी पाट्यार वाटूक येना तुका?” काकी एरवी तुमच्या-आमच्यासारखं मुंबईचं मराठी बोलतात; राग आला की मालवणी. म्हणजे तसं पाहिलं तर मालवणीच जास्त. आमच्याकडे पाटा नाही हे सांगायची नीताची हिंमत झाली नाही. त्या दिवसापासून कुणाचाही वाढदिवस असला की आमच्याकडे चटणी होत नाही.

आत जायचे नियम निराळेच. चप्पल बाहेर. खिसे रिकामे. केसातल्या क्लिपा काकींच्या ओंजळीत. आणि नखं. काकींच्या गळ्यात नेलकटर असतो, दोरीला बांधलेला. रांगेत उभं राहायचं, हात पुढे करायचे, वाढलेलं नख दिसलं की तिथल्या तिथे कचकन. रडणाऱ्याला सूट नाही. याचा परिणाम असा झालाय की सोसायटीतल्या आयांनी घरी पोरांची नखं कापणंच सोडलंय. “राहू दे, पुढच्या रविवारी कुणाचा तरी बर्थडे आहे,” असं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

आमचे सेक्रेटरी देसाई दर मीटिंगला हत्ती हलवायचा विषय काढतात. “जिन्याखाली आगीचा धोका आहे,” असं म्हणतात. काकी शांतपणे विचारतात, “तुमच्या नातवाचा वाढदिवस कधी असतो हो?” विषय पुढच्या मीटिंगवर जातो.

मी मात्र ठरवलं होतं. एका रविवारी सरळ सांगायचं, काकी, माझी मान दुखते, स्पॉन्डिलायटिस आहे, यापुढे दुसरं कुणीतरी बघा. तो रविवार उजाडला, दुपारी मी जेवून आडवा झालो, आणि बेल वाजली.

“विजू, ऊठ. मैत्रीचा वाढदिवस आहे.”

मैत्री म्हणजे वाघमाऱ्यांची मुलगी. परभणीकडचं कुटुंब, तिसऱ्या मजल्यावर भाड्याने नुकतंच आलेलं. आई सुजाता एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, वडील एअरपोर्टवर कार्गोला; त्या दिवशी त्यांची ड्यूटी काही बदलून मिळाली नव्हती. सुजाताने बिचारीने दारोदार जाऊन आमंत्रणं केली होती. मैत्रीला पाच पूर्ण होत होती, आणि मुंबईत आल्यावरचा पहिलाच वाढदिवस.

“काकी, माझी मान...”

“मान वर गेली की दुखते. खाली घाल आणि दोरी धर.”

झालं. ताडपत्री घातली, हत्ती उलगडला, दोऱ्या माझ्या खिडकीच्या गजांना, नारळाला आणि देसाईंच्या स्कूटरला बांधल्या. पिन लावली. हत्ती उठून उभा राहिला. पाच वाजले. मैत्री गुलाबी झालरींचा फ्रॉक घालून पायरीवर बसली. सुजाताने टेबलावर कागदी प्लेटी मांडल्या, वेफर्सच्या पिशव्या फोडल्या.

कुणी आलं नाही.

सोसायटीतली सगळी पोरं सकाळीच क्लासच्या पिकनिकला गेली होती. चारपर्यंत परतायची होती. देसाई ग्रुपवरचा मेसेज वाचत खाली आले, “बस घोडबंदरला अडकलीय. जराही हलत नाहीये. आठ तरी वाजतील.”

सुजाताने प्लेटी उगाचच पुन्हा सारख्या केल्या. मैत्रीने विचारलं, “मम्मी, सगळे रस्त्यात आहेत ना?”

“हो गं, येतायत,” सुजाता म्हणाली आणि तोंड फिरवलं.

मी काकींच्या कानाशी जाऊन हळूच म्हटलं, “बंद करू का ब्लोअर? रिकामा हत्ती बघून पोरगी आणखीच हिरमुसेल.” मनात हेही होतं की लवकर गुंडाळलं तर थोडं झोपता येईल.

काकींनी माझ्याकडे पाहिलं. मग नेलकटर हातात घेतला.

“चप्पल काढ.”

“कुणी?”

“तू. हात दाखव.”

“काकी, काहीतरी काय! माझं वजन बघा. फाटेल तो.”

“फाटलो तर मी शिवीन. चढ.”

माझ्या वयाच्या माणसाचं भर कंपाउंडमध्ये करंगळीचं नख कापलं गेलं. सोंडेने टपली मारली. आत पाऊल टाकलं आणि जमीन सरकली; मी पहिल्यांदा पाठीवर, मग पोटावर आणि तिसऱ्यांदा कुठे पडलो ते कळलंच नाही. एवढ्यात बाहेरून आवाज आला, “नीता, तू गे काय बघतंस?” नीता कधी नव्हे ती लगेच आली आणि माझ्या पायावर पडली. दुधाची पिशवी आणायला निघालेले देसाई स्कूटर सोडवायला वाकले, तोच काकींनी त्यांना धरलं. “अहो, मी सेक्रेटरी आहे,” देसाई म्हणाले. “मग पुढे व्हा,” काकी म्हणाल्या. वॉचमन यादवजींची टोपी काढून घेतली गेली. पहिल्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाई गॅलरीतून हसत होत्या. त्यांना नाव घेऊन खाली बोलावलं गेलं.

मैत्री पायरीवरून उठली. आधी दारात उभी राहून नुसती बघत होती. देसाई उठायला जायचे आणि यादवजी कोसळले की पुन्हा बसायचे. चौथ्यांदा बसले तेव्हा तिला जे हसू फुटलं, ते आवरेना. मग ती आत आली आणि तिने आम्हाला पाडायचाच धंदा लावला. ती कोपऱ्यात उडी मारायची, इकडे आम्ही एकमेकांवर. “अंकल पडले! अंकल पुन्हा पडले!” सुजाता बाहेर दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होती. काकी दारात उभ्या राहून ओरडत होत्या, “ए देसाई, पोरीला धक्का लागता नये!”

माझ्या मानेची पुरती वाट लागली, हे इथे नोंदवून ठेवतो.

केक कापला. आम्ही सगळ्या घोड्यांनी टोप्या घालून टाळ्या वाजवल्या. पिकनिकची बस आली तोवर अंधार पडला होता. पोरं आईबापांच्या खांद्यावर झोपलेली, तशीच वर गेली. सुजाताने एकेका आईच्या हातात केकचा डबा दिला. मग खाली आम्ही तेवढे उरलो, म्हणजे काकी, मी, मायलेकी आणि हत्ती.

गुंडाळायला सुरुवात झाली. मी अर्ध्या गुंडाळीवर दोन्ही गुडघे रोवून बसलो होतो. उठलो असतो तर सगळं उलगडलं असतं. काकी पलीकडची बाजू पुसत होत्या. मैत्री केकची प्लेट घेऊन त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

“काकी, तुमचा बर्थडे कधी असतो?”

“माझा नसतो.”

“सगळ्यांचा असतो.”

“शाळेत मास्तरांनी एक जून घातला. आमच्या गावातल्या सगळ्यांचाच एक जून.” काकी पुसतच होत्या. “माझी आवस, म्हणजे आई, म्हणायची, तू झालीस तेव्हा भाताची लावणी चालली होती आणि माझं बाळंतपण करायला शेतातून कुणी घरी आलं नाही. एवढंच. आता ती नाय. विचारू कुणाक?”

मैत्रीने थोडा विचार केला. मग आईकडे पळत गेली, टेबलावर पडलेली एक मेणबत्ती उचलली आणि काकींच्या केकच्या तुकड्यात उभी खोचली. “मम्मी, पेटव.”

सुजाता बावरली. “अगं, त्यांना काम करू दे...” पण काकींचं पुसणं थांबलं, तेव्हा तिने पेटवली.

काकी ताडपत्रीवर बसल्या होत्या. त्यांनी हातातलं फडकं बाजूला ठेवलं, गाऊनला हात पुसले आणि मेणबत्तीला नमस्कार केला. देवासमोरच्या समईला करतात तसा, डोळे मिटून.

“असं नाही, काकी! फू करायचं असतं.”

“दिवो फुंकून इझवूचो नसता गे.” आवाज एवढा हळू की हत्तीच्या मालकिणीचा वाटेना. “जळांदे वायच.”

मग आम्ही ती जळू दिली. मैत्री काकींच्या मांडीला टेकून बसली. मी गुंडाळीवर गुडघे रोवून, कंबर धरलेली, पण हलावंसं वाटेना. मेणबत्ती क्रीमपर्यंत आली आणि आपली आपण विझली.

काकींनी केकचा कोपरा मोडून आधी मैत्रीला भरवला, मग स्वतः खाल्ला.

“मग आता मी किती वर्सांची झालंय गे?”

मैत्रीने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. पांढरे केस, चष्मा, सगळं. “पहिलाच बर्थडे ना?” ती म्हणाली. “मग एक.”

काकी हसल्या. हसता हसता खांद्यावरच्या नॅपकिनने स्वतःचे डोळे पुसले, आणि मग त्याच नॅपकिनने मैत्रीचं तोंड.