मैदानातले सदतीस डोंगर

बायकोच्या कादंबरीतल्या राज्याचा नकाशा मीच काढून देतो, असं मी म्हणून बसलो. (कोणी विचारलं नव्हतं.) गेली एकोणीस वर्षं मी ऑफिसात गटारांचे नकाशे काढतोय. काल्पनिक राज्य म्हणजे काय, गटारं वजा केली की झालं!

सहा वर्षं खपून लिहिलेली तिची ही पहिलीच कादंबरी. संध्याकाळी पाचला प्रकाशक स्वतः नकाशा न्यायला येणार होते. तिनं नद्या, किल्ले, राजधानी सगळं पेन्सिलीनं आखून दिलं आणि बजावलं, "फक्त शाई फिरवा. स्वतःचं डोकं चालवू नका."

शाई फिरवून झाली आणि मधली वीतभर कोरी जागा डोळ्यांत खुपायला लागली. आमच्याकडे कोरी जागा दिसली की साहेब "इथली पाहणी राहिली वाटतं" म्हणून अख्खा नकाशा परत पाठवतात. मी तिथे एक डोंगर काढला. तो एकटा बरा दिसेना, म्हणून दुसरा. (शेंगदाण्यांसारखंच असतं हे, हात थांबत नाही.) सदतीस झाले तेव्हा कुठे जीव शांत झाला.

चारला बायको आली.

"हे काय?"

"डोंगर. सावल्यासुद्धा दिल्यात."

"अहो, मैदान आहे ते! माझी राणी पाच हजार घोडेस्वार घेऊन तिथून सकाळी निघते आणि दुपारी राजधानीत पोचते!"

"थोडा उशीर झाला तर..."

"तोवर राजाला फाशी होते!"

मी ब्लेडनं एक डोंगर खरवडून बघितला, तर शाई पसरून तिथे तळं झालं. आता सैन्याला होड्याही लागणार होत्या.

बायको ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती एकेक डोंगर मोजत होती. तिची सहा वर्षं मी एका दुपारीत मातीत घातली, या विचारानं मला खरोखर रडू यायला लागलं. तिनं माझ्याकडे एकदा नीट निरखून बघितलं, कागद ओढले आणि भराभर लिहायला बसली.

पाचला प्रकाशक आले. मी स्वयंपाकघरात पळालो. बाहेर नवी पानं वाचताना ते गदगदा हसत होते.

"मैदानात डोंगर दाखवणारा हा दरबारी नकाशेवाला! राणी त्याचा नकाशा भिरकावून सरळ निघते, वा! पण इतका अस्सल मूर्ख तुम्हाला सुचला कसा हो?"

"सुचला नाही," बायको म्हणाली. "ते आत चहा टाकतायत."