सात मिनिटांचा अल्बम

भातगिरणीतून तीन दिवस एक बारीक, कुरकुरल्यासारखा आवाज येत होता आणि तो निकेतशिवाय कोणालाच ऐकू येत नव्हता. त्याच्या वडिलांचं, बाळाजींचं, म्हणणं असं, की तीस वर्षं आपण ही गिरण चालवतोय. तिला काही दुखलंखुपलं तर ती आधी आपल्याला सांगेल, कालच्या पोराला नाही. भाताची झोडणी उरकली होती. रेवदंड्याहून आत पाच किलोमीटरवरच्या त्या गावाला आणि आजूबाजूच्या चार वाड्यांना मिळून ही एकच गिरण, त्यामुळे दारात पोत्यांची रांग लागली होती. गिरण बंद ठेवायचा विषय काढायचीही सोय नव्हती.

निकेतने पेणच्या गणराज मिस्त्रींना फोन केला. मिस्त्री मेहुणीच्या हळदीसाठी रविवारी दिघीला जाणार होते. सोमवारी येतो, म्हणाले, तोपर्यंत गिरणीचा आवाज रेकॉर्ड करून पाठव, मी नुसत्या कानाने बिघाड पकडतो. रविवारी सकाळी निकेतने मोटरीजवळ फोन धरून सात मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं.

त्याच रविवारी सकाळी दहा वाजता त्याला आणखी एक गोष्ट पाठवायची होती, आणि त्या गोष्टीपायी त्याला आठवडाभर नीट जेवण गेलं नव्हतं.

गोष्ट अशी, की निकेत ‘न ऐकलेलं’ नावाच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये होता. अलिबाग, मुरूड, रेवस असे विखुरलेले अकराजण. दर रविवारी एकाने फारसा कोणाला माहीत नसलेला एक अल्बम सुचवायचा आणि बाकीच्यांनी तो अख्खा ऐकल्याशिवाय एक अक्षरही लिहायचं नाही. ग्रुप चालवायचे दिनानाथ सर. अलिबागच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले आणि कानाचे तितकेच कडक. गेल्या चौदा महिन्यांत या लोकांनी निकेतला काय काय ऐकवलं होतं. बर्फ वितळण्याचे आवाज जोडून केलेला अल्बम, चाळीस मिनिटं एकच घंटा, हातमागाच्या तालावर गाणाऱ्या बायका. पहिल्यांदा त्याला वाटलं होतं, ही माणसं चेष्टा करतायत. मग एक दिवस कोंडा झाडता झाडता ती घंटा त्याच्या डोक्यात आपोआप वाजू लागली, आणि तेव्हापासून त्याला या अकराजणांविषयी असं काही वाटू लागलं, की ते कोणाला सांगायची लाज वाटावी. आपण गिरण चालवतो हेही त्याने तिथे सांगितलं नव्हतं. ‘छोटा व्यवसाय’ एवढंच लिहिलं होतं.

पाळी आली की तो दरवेळी ती पुढच्याला देऊन टाकायचा; या रविवारी पहिल्यांदाच त्याने ती घेतली होती. त्याने शोधून शोधून एक अल्बम मिळवला होता. चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेल्या एका म्हाताऱ्याने निवृत्त झाल्यावर घरच्या माडीवर बसून वाजवलेला. नाव ‘सवड’. कुठे विकायला नव्हता. म्हाताऱ्याच्या पुतण्याने रेकॉर्ड करून निकेतला पाठवला होता आणि मित्रांना ऐकवा म्हणून लिहिलं होतं. त्या फाइलला नाव नव्हतं, नुसते आकडे. गिरणीच्या रेकॉर्डिंगलाही नुसते आकडे.

दहाला पाच मिनिटं कमी असताना निकेतच्या एका हातात पोत्याचं तोंड होतं, दुसऱ्या हातात फोन आणि फोनच्या काचेवर कोंडा. त्याने एक फाइल मिस्त्रींना पाठवली. खाली लिहिलं, ‘बिघाड कुठे आहे तेवढं सांगा.’ दुसरी ग्रुपवर पाठवली. खाली, आठवडाभर घोकलेलं वाक्य लिहिलं, ‘पहिली तीन मिनिटं काही घडत नाही असं वाटेल. थांबा. चौथ्या मिनिटापासून मला झोप लागली नाही.’

मग फोन खिशात टाकला आणि कामाला लागला.

एक वाजता बाळाजींवर गिरण सोपवून तो मागच्या घरी जेवायला आला. बायको, शिवानी, ताट वाढत होती. त्याने भीतभीत ग्रुप उघडला. दिनानाथ सरांनी एवढं मोठं लिहिलं होतं, की बोटाने तीनदा सरकवावं लागलं.

सरांनी लिहिलं होतं, की गेल्या दोन वर्षांत या ग्रुपवर इतकं धीट काही आलं नव्हतं. फक्त सात मिनिटं, पण एकही स्वर दिखाव्याचा नाही. वाद्य कोणतं ते ओळखू येत नाही, आणि तेच कलाकाराला हवं असणार. चौथ्या मिनिटाला जो बारीक, दुखरा स्वर लागतो तो कलाकाराने मुद्दाम वर येऊ दिलेला नाही. ‘आणि पाचव्या मिनिटाला मागून एक वृद्ध माणूस फक्त एवढंच म्हणतो, “सरकव.” ते ऐकून मी खुर्चीतून उठू शकलो नाही. आपण सगळेच काही ना काही सरकवत नाही का?’

निकेतने आनंदाने ते सगळं पुन्हा एकदा वरपासून वाचलं. सर आपल्या क्लॅरिनेटवाल्यावर एवढे खूश झाले. सात मिनिटं का म्हणाले ते त्याला कळलं नाही, आणि ‘सरकव’ कुठून आलं तेही. त्याने फाइल उघडून कानाला लावली.

आधी गिरण ऐकू आली. मग आणखी गिरण. मग बाळाजी.

शिवानीने विचारलं, भाजी खारट झाली का. तो म्हणाला, नाही, आणि ताट पुढे सरकवलं.

खरं सांगून टाकावं, असं त्याला लगेच वाटलं. पण खाली आणखी बरंच काही घडून गेलं होतं. मुरूडच्या राहीने लिहिलं होतं, की हे ऐकून तिला तिच्या बालपणीची दुपार आठवली. अलिबागला दातांचा दवाखाना चालवणाऱ्या नेत्राने तर हे दवाखान्यात लावलं होतं. एका पेशंटने यंत्र दाताला लावण्याआधीच तोंड मिटून घेतलं, पण तो परिणाम कलेचाच, असं तिचं मत होतं. सरांनी फाइल पुण्यातल्या एका जाणकार मित्राला पाठवली होती. शिवाय येत्या रविवारी अलिबागला वाचनालयाच्या खोलीत सगळ्यांनी एकत्र बसून हे ऐकायचं आणि निकेतने प्रस्तावना करायची, असंही ठरून गेलं होतं. शेवटी सरांचा प्रश्न होता, ‘कलाकाराचं नाव काय?’

सरांची दोन वर्षांपूर्वी बायको गेली होती आणि दिवसभर त्यांच्याशी बोलणारे असे हे ग्रुपमधले लोकच होते. त्यांचं एवढं लिखाण निकेतला एका वाक्यात पाण्यात घालवेना. त्याने लिहिलं, ‘कलाकार नाव सांगू इच्छित नाही.’

लगेच सरांचं उत्तर आलं, ‘मला वाटलंच होतं.’

मिस्त्रींकडे चुकून क्लॅरिनेट गेलं हे सांगायला त्याने फोन केला, तर फोन लागेना. मग त्यांनी पाठवलेला एक निरोप दिसला, आगरदांड्याला जेटीवर थांबलेले असताना लिहिलेला. ‘दोनदा ऐकलं. बिघाड सापडत नाही. परत ऐकतो.’

निकेत डोक्याला हात लावून बसला होता, तेवढ्यात ग्रुपवर आणखी एक निरोप आला. पाठवणाऱ्या होत्या रेवसच्या कमळताई. दोन वर्षांत त्यांनी तिथे एक शब्दही लिहिला नव्हता, पाळीही कधी घेतली नव्हती. त्या ऐकतात की नाही हेसुद्धा कोणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं,

‘ही भातगिरण हाय. चवथ्या मिनटाला कुरकुरतो तो पट्ट्याच्या बाजूचा बेअरिंग. सुका पडलाय. कोंडा पेट घेल. गिरण आताच्या आता बंद करा. कौतुक मागून करू.’

निकेत हात न धुता धावला. गिरणीत बाळाजी निवांत उभे होते. त्याने खटका खाली ओढला. पट्टा फडफडत थांबला, आणि त्या शांततेत दोघांनाही वास आला. बेअरिंगच्या खाली साचलेला कोंडा काळा पडला होता आणि त्यातून बारीक धूर निघत होता. बाळाजींनी पाण्याची बादली ओतली. दारात एकवीस पोती होती, वर सुकं लाकडी छप्पर होतं.

मग बाळाजी म्हणाले, “तुला ऐकू येत होता, व्हय?”

“तीन दिस झाले.”

“मंग वरडून सांगायचा ना.”

सांगितलं होतं, असं निकेत म्हणाला नाही. वडील पोत्यावर बसले होते, रिकामी बादली अजून मांडीवर धरून.

तिथेच उभं राहून त्याने ग्रुपवर सगळं लिहिलं. आपली गिरण आहे, फाइल चुकली, नाव न सांगणारा कलाकार म्हणजे जुनी मोटर, आणि ‘सरकव’ म्हणाले ते आपले वडील. कमळताईंचे आभार मानले, सगळ्यांची माफी मागितली आणि ग्रुप सोडायची तयारी दाखवली.

चार वाजता दिनानाथ सरांनी लिहिलं, ‘कोणीही ग्रुप सोडायचा नाही. मी लिहिलेलं मी पुसणार नाही. फक्त जिथे “कलाकार” आहे तिथे “बेअरिंग” वाचावं. वडिलांना माझा नमस्कार सांगा.’

सोमवारी गणराज मिस्त्री आले, बेअरिंग बदललं आणि हात पुसता पुसता म्हणाले, की ते दुसरं रेकॉर्डिंग त्यांनी एकंदर पाच वेळा ऐकलं, हळदीतला डीजे सोडून. ज्याचं कोणाचं ते मशीन असेल त्याला सांग, कशाला हात लावू नको, झकास चाललंय.

मंगळवारी निकेत नव्या तांदळाची पिशवी घेऊन रेवसला गेला. कमळताई साठीच्या पुढच्या, घरात एकट्या. त्यांच्या नवऱ्याचीही भातगिरण होती. बावीस वर्षं दोघांनी मिळून चालवली आणि नवरा गेल्यावर मुलाने विकून टाकली. मग घरात फार सामसूम झाली. मुंबईहून मुलगा म्हणाला, आई, काहीतरी ऐकत जा, आणि त्यानेच ओळखीतून त्यांना ग्रुपमध्ये घातलं. निकेत पुन्हा पुन्हा आभार मानू लागला, तसा त्यांचा चेहरा उतरला.

“आभार मानू नको,” त्या म्हणाल्या. “बेअरिंग मला सकाळी धा वाजताच कळला.”

त्यांचा निरोप तर दीड वाजता आला होता.

“पयल्यांदा ऐकला नि लगेच कळला. फोन उचलला लिवायला. मंग वाटला, एकदा ऐकू नि लिवू. मंग आणखी एकदा. बंद करा म्हणून सांगितला, का मंग ती चालू गिरण राहत न्हाय, नुसता फोनातला आवाज राहतो.” त्यांनी पदराने नाक पुसलं. “तुझी गिरण जाळली असती मी.”

निकेत म्हणाला, की गिरण आता नव्या बेअरिंगवर चालते, आवाज वेगळा आहे, पण वाईट नाही. उद्यापासून सकाळी फोन लावून देऊ का?

बुधवारी नऊ वाजता त्याने रेवसला फोन लावला आणि फोन पोत्यांवर उताणा ठेवला. बाळाजींनी विचारलं, कोण आहे.

“कमळताई.”

“काय बोलतान?”

“काय न्हाय. ऐकतान.”

बाळाजींनी फोनकडे एकदा पाहिलं. मग डोक्याचा रुमाल सोडून नीट बांधला, खटक्यावर हात ठेवला आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच, गिरण सुरू करण्याआधी घसा साफ केला.